दवाई घेऊन निजली

माझ्या सासऱ्यांनी माझं नाव ‘नॉर्मल’ ठेवलं होतं. खरं नाव सुरभी. पण दारव्ह्याच्या डॉक्टरनं माझं रक्त तपासलं, ते नॉर्मल निघालं. हाडांचे फोटो काढले, ते नॉर्मल. वाताची तपासणी केली, तीही नॉर्मल. तो शेवटचा कागद हातात आला तेव्हा सासरे, म्हणजे भगवानराव, ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घ्या! पैसे देऊन नॉर्मल आणलं घरी.” तेव्हापासून मला उठायला जरा उशीर झाला की बाहेरून हाक यायची, “आमची नॉर्मल उठली काय?” आणि रस्त्यानं जाणारे हसायचे. कोण कोण हसलं ते मला अजून आठवतं.

मला काय होत होतं ते मीच सांगते, कारण त्या घरात ते कुणी विचारलं नाही. अंग दुखायचं. आता ‘अंग दुखतं’ म्हटलं की समोरची बाई म्हणते, अंग कोणाचं दुखत नाही? माझी सासू इंदुताई हेच म्हणायची. पण माझं दुखणं असं की सकाळी उठावं तर कुणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखं वाटायचं. मानेत, खांद्यांत, खुब्यात, गुडघ्यांच्या आतल्या अंगाला. बांगड्या मनगटाला बोचायच्या. पांघरूण जड व्हायचं. झोपायचे तेव्हा जेवढी थकलेली असायचे त्याहून जास्त थकून उठायचे. भाजीत दोनदा मीठ पडायचं, कारण पहिलं टाकलेलं आठवायचं नाही. आणि दुखणं एका जागी बसायचंही नाही.

“काल कंबर म्हणे, आज खांदा म्हणते,” सासू म्हणायची. “दुखणं हाय का पाहुणा, रोज नव्या घरी उतराले?”

कपिल, माझा नवरा, वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडले तरी असते. बाप बोलला की तो बापाकडे बघून मान हलवायचा, मी बोलले की माझ्याकडे बघून. टेबल फॅनसारखी त्याची मान दोन्हीकडे सारखीच फिरायची. वारा कुणालाच लागायचा नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बोंडात अळी, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर. शहरातून गाड्या यायच्या. कॅमेरा घेतलेली माणसं दारोदार विचारायची, तुमच्या घरी कुणी? भगवानराव छाती काढून सांगायचे, “आमच्या घरी तसं काही नाही.” आमची जमीन बऱ्यापैकी, घर पक्कं, आणि ‘तसं काही नाही’ ही त्यांची सगळ्यांत मोठी इस्टेट होती. ज्या घरात तसं काही नाही त्या घरात सुनेचं दुखणं तरी कसं असणार? ते सोंगच असणार.

मागच्या वर्षी सीतादहीच्या दिवशी मी मध्येच वावरात बसले होते. सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा. घरच्या सुनेनं दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, कमरेला वटी, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी, बांधायची आणि पहिला कापूस वेचायचा. मी वटी बांधली, अर्धी ओळ वेचली आणि खाली बसले ती उठलेच नाही. त्या वर्षी भाव आणखी पडला. तो माझ्यामुळे पडला असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पाठीमागे सगळ्यांनी म्हटलं. या वर्षी भगवानरावांनी आधीच जाहीर केलं, “सीतादहीले वटी बांधून दिवसभर वेचलं तं सून. नाही तं दुसऱ्या दिवशी जीपमंदी बसवून ढाणकीले. अन् मंग आणाले कोणी जाणार नाही.”

ढाणकी माझं माहेर. तिथं आता आई नाही, भावजय आहे. मी फोन केला तर ती म्हणाली, “ताई, चार दिवसाले या हो. पण पेट्या घेऊन नका येऊ.”

म्हणजे मला जायला जागा नव्हती आणि राहायला अट होती.

सीतादहीला दोन दिवस असताना कपिल काही कामानं यवतमाळला निघाला. मी त्याच्यामागे लागले. एकदा, शेवटचं, मोठ्या डॉक्टरला दाखव. त्यानं मान हलवली, या वेळी माझ्याकडे. दवाखान्यात तो बाहेरच्या बाकावर बसला आणि मी एकटी आत गेले.

डॉक्टर अनघा माझ्या सासूच्या वयाच्या असतील. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मध्येच घड्याळ बघितलं नाही, ‘टेन्शन आहे का घरी’ असंही विचारलं नाही. मग माझ्या खांद्यावर, कोपरावर, खुब्यावर, गुडघ्यावर अंगठा दाबत गेल्या. मी ओठ चावून गप्प होते.

“ओरडा की,” त्या म्हणाल्या. “ते कळावं म्हणूनच दाबतेय.”

मग मी ओरडले. बाहेर कपिलनं मान वर केली असेल.

“तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी तो शब्द मला हळूहळू, तोडून तोडून दोनदा सांगितला. “हा रिपोर्टमध्ये दिसत नाही. रिपोर्ट दुसरं काही नाही ना, एवढं बघण्यासाठी असतात. घरी कुत्रा आहे?”

“आहे.”

“चोर आला की भुंकतो. पण एखादा कुत्रा पान हललं तरी भुंकतो, सावली हलली तरी भुंकतो. थांबतच नाही. तुमच्या अंगातल्या नसांचं तसं झालंय. तपासणारा चोर शोधतो. चोर सापडत नाही, म्हणून तो लिहितो नॉर्मल. पण भुंकणं खोटं नसतं हो. त्या भुंकण्यानं घरातल्या माणसाला झोप लागत नाही, तेही खोटं नसतं. तुम्ही सोंग करत नाही आहात.”

मला खरं तर रडू यायला हवं होतं. मला राग आला. एवढं सोपं होतं तर दोन वर्षं हे मला कुणी का सांगितलं नाही?

त्यांनी गोळी दिली. अगदी कमी ताकदीची, अंधार पडल्यावर एक. “मोठ्या मात्रेत हीच गोळी मनाच्या आजारालाही देतात. कुणी काही बोललं तर घाबरू नका. तुम्हाला ती दुखणं कमी व्हावं आणि नीट झोप लागावी म्हणून दिली आहे. पहिले काही दिवस गुंगी येईल. फरक पडायला महिना-दीड महिना जाईल, आणि सगळं जाईलच असं मी सांगत नाही.” मग म्हणाल्या, गोळीवर सगळं सोडू नका. रोज थोडं चाला, पण दमायच्या आत परत फिरा. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी राहिलेली सगळी कामं ओढत बसू नका, पुढचे चार दिवस अंथरुणात जातील. झोपायची वेळ मोडू नका. ऊन पाण्यानं शेका. आणि कमरेला ओझं बांधून दिवसभर वाकणं सध्या नाही.

“आणि पुढच्या वेळी घरच्यांना आत आणा,” त्या म्हणाल्या.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. घरचे बाकावर बसून पेरू खात होते.

घरी आल्यावर भगवानरावांनी विचारलं ते कपिलला. “काय म्हणे डॉक्टरीण?”

“गोळी देल्ली,” कपिल म्हणाला. “झोपाची.”

एवढंच. मग मीच सांगायला बसले. नाव सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं, चोराचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, वेचणीचं सांगितलं. भगवानराव मांडीवर थाप मारून हसले.

“कुत्रं भुंकते म्हणते! मंग त्याले भाकर टाक ना वं, अन् वावरात चाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालायला निघाले. आता आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. तिच्या हातात डबा असतो, डोक्यावर घागर असते, काखेत पोर असतं. हात रिकामे दिसले की दहा दारांतून विचारतात, कुठी चालली वं? म्हणून मी काखेत एक टोपली घेतली. टोपलीत काही नव्हतं. आमच्या भिंतीला लागून राहणारी चंदाबाई हापसीवर पाणी भरत होती. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं.

“रिकामी टोपली हिंडवून राह्यली का वं?” ती म्हणाली, आणि मी पुढे गेल्यावर माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून, पाय ओढत चालून दाखवलं. बायका हसल्या. ही नक्कल तिची नेहमीची होती. चांगली जमायची तिला.

घरी सासू दारातच उभी होती. “फिराले जमते, अन् वेचाले नाही जमत?”

मी टोपली खाली ठेवली. उद्यावर सीतादही आली होती. मी ठरवलं होतं, आजपासून गोळी सुरू करायची, झोपायचं, आणि उद्या काय व्हायचं ते होवो. संध्याकाळी भाकरी केल्या, वरण उतरवलं, दोन घास खाल्ले. दिवे लागल्यावर गोळी घेतली.

“आत्याबाई, गोळी घेतली. मी निजते.”

“निज ना,” सासू म्हणाली. “तुले कोणं अडवलं?”

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर याच्या त्याच्या तोंडून ऐकून जोडलं. मी अशी झोपले, अशी झोपले, की दोन वर्षांची उधारी एका तासात वसूल करावी. कपिल जेवायला बसला, सासूनं वाढायला मला हाक मारली. मी नुसतं ‘हं’ केलं. तिनं येऊन हलवलं. मी पुन्हा ‘हं’ केलं आणि कूस बदलली. तिचं डोकं फिरलं. ती तरातरा दारात गेली आणि भिंतीपलीकडच्या चंदाबाईला ओरडून म्हणाली, “पाह्य वं बाई! आमची सून दवाई घेऊन निजली, उठूनच नाही राह्यली!”

बिचारीला म्हणायचं होतं गोळी. तिच्या तोंडी दवाईच आलं. पण आमच्याकडे पंपात भरून कापसावर मारतात तीही दवाई, आणि त्या वर्षांत ‘अमक्यानं दवाई घेतली’ म्हटलं की कुणी ‘कशावर?’ असं विचारत नव्हतं. लोक चप्पल न घालता धावत होते. शेजारच्या गावात त्याच महिन्यात तशी धावाधाव झाली होती.

चंदाबाईनं बोंब ठोकली. “धावा वं! भगवानरावच्या सुनेनं दवाई घेतली!”

मला जाग आली ती तोंडात मिठाचं पाणी गेल्यामुळे. कुणीतरी माझं नाक दाबलं होतं. दोघींनी हात धरले होते, एकजण पोटावर दाबत होती, कुणी तळपाय चोळत होतं, कुणी गालावर चापट्या मारत होतं. ज्या अंगाला पांघरूण जड व्हायचं त्या अंगावर सगळी आळी बसली होती. मी किंचाळले. ते त्यांना चांगलं लक्षण वाटलं.

“हाय! जिती हाय! अजून पाजा!”

मी ओकले. संध्याकाळची भाकर आणि वरण बाहेर आलं. “निघालं, निघालं!” असा आनंदाचा गलका झाला. मी पुन्हा ग्लानीत गेले, पण कान उघडे होते, आणि कानांनी जे ऐकलं ते जन्मभर पुरेल.

“सोन्यासारखी पोट्टी व्हती वं!” चंदाबाई छाती पिटत होती. “कधी उलटून बोलली नाही कोणाले!”

“मी तं सकाळीच म्हटलं तिले,” माझी सासू हमसून हमसून रडत होती, “पड वं माय, आराम कर, कायले काम करतं!”

डोळे उघडावेत की नाही असा विचार मी खरंच केला. एवढं चांगलं माझ्याबद्दल लग्नातही कुणी बोललं नव्हतं. दुखतं म्हणाले तेव्हा एक माणूस आला नाही. मरते म्हटल्यावर गाव लोटलं.

तेवढ्यात धावजी आला. धावजी म्हणजे आमचा पोलीस पाटील, पलीकडच्या तांड्यावरचा. त्याचं आणि भगवानरावांचं आधीपासून वाकडं. त्यानं सगळ्या बायकांना बाजूला केलं आणि वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला.

“वास नाही,” तो म्हणाला. “डबा पाहा पहिले.”

भगवानराव कंदील घेऊन मागच्या खोलीत धावले. फवारणीचे डबे झाकण लागलेले, जागच्या जागी. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघायला मी डोळे उघडले. मग कुठं कपिलला सुचलं. तो उशाखालची गोळ्यांची पट्टी घेऊन आला. एक गोळी गेलेली होती, बाकीच्या तशाच होत्या.

“हे घेतलं असन तिनं,” तो म्हणाला. “झोपाची गोळी.”

गावात इंजेक्शन देणारा एक कंपाउंडर होता. त्यानं टॉर्चमध्ये पट्टी वाचली आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जसा काही निकालच लागला. “ही डोक्याची गोळी हाय. येड लागलेल्यायले देतात.”

गर्दीचा नूर बघता बघता पालटला. आत्ता रडत होते तेच चिडले. जेवणं टाकून आलो, म्हणजे सोंगच का, असं मागून कुणीतरी म्हणालं. चंदाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पदर झटकला. भगवानरावांना तर वाट सापडली.

“म्या काय म्हणत व्हतो? दुखणं-बिखणं काही नाही. डोक्यातच बिघाड हाय. सकाळीच पोचवून देतो ढाणकीले.”

“थांबा, भगवानराव,” धावजी म्हणाला. तो खाटेच्या कडेला बसला. त्याला घाई नव्हती, उलट मजा येत होती, हे मला त्या अवस्थेतही दिसलं. “चंदाबाईची बोंब आयकली अन् म्या ठाण्यात फोन लावला. साहेब जीप घेऊन निंगाले असतीन. पहिलं काय विचारतीन? सुनेनं काय घेतलं अन् काहून घेतलं. येडी हाय म्हणसान, तं विचारतीन येडी कोणं केली. सोंग करते म्हणसान, तं विचारतीन मंग सारं गाव कायले जमा केलं, मिठाचं पाणी कायले पाजलं. बोला, काय सांगू?”

सासू भिंतीला टेकली. ‘आमच्या घरी तसं काही नाही’ म्हणणारा माणूस कंदील धरून दाराकडे बघत उभा होता.

“जाऊ द्या,” धावजी म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “बाई, तुमी सांगा. तुमीच सांगसान ते मी साहेबाले सांगतो. काय झालं?”

दोन वर्षांत त्या घरात मला हे पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. तेही मदतीला नाही, भगवानरावांची जिरवायला. चालेल म्हटलं.

एक वाक्य पुरलं असतं. ‘यांच्या जाचानं घेतली’ एवढंच. ते जिभेवर आलं होतं आणि मिठाच्या पाण्यानंतर गोड लागत होतं. तिघं जीपमध्ये बसले असते. पण मग मी कुठं बसले असते? ढाणकीला, पेट्यांवर? मला यांना कोठडीत बघायचं नव्हतं. मला या घरात, माझ्या अंथरुणावर, गोळी घेऊन झोपायचं होतं, आणि कापसाची वटी कमरेला बांधायची नव्हती. बास, एवढंच.

“मामाजीले विचारा,” मी म्हणाले. घसा सोलल्यासारखा झाला होता. “त्यायले सारं मालूम हाय. म्या सांगितलं व्हतं.”

सगळ्या माना भगवानरावांकडे फिरल्या. कपिलचीही.

“तिले...” भगवानराव म्हणाले. “तिले बरं नाही.”

“काय होते?” धावजीनं विचारलं.

“दुखते.”

“कुठी?”

“सबंध अंग.”

“अन् तुमी तं पारावर सांगत व्हते, रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणून?”

भगवानरावांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“रिपोर्टात नाही येत ते,” ते म्हणाले.

“असं कसं?”

“आता कसं सांगू... कुत्रं असते ना. चोर आला तं भुंकते. पण एखांदं कुत्रं पान हाललं तरी भुंकते. तसं... तसं अंगातल्या नसांचं होते. चोर नसते, म्हणून तपासणीत सापडत नाही. पण भुंकते. भुंकणं खोटं नसते.”

माझ्या शब्दांवर मांडी थोपटून हसलेला माणूस तेच शब्द एकेक करून गावापुढे मांडत होता. मला दया आली नाही. मी ती यायची वाटही पाहिली नाही.

“नाव काय त्या दुखण्याचं?” धावजी म्हणाला. “साहेब नाव विचारतीन.”

“फा... फायबर...”

“फायब्रोमायल्जिया,” मी म्हणाले. “सांगा ना, मामाजी.”

“फायब्रो... मायलजा.”

“मायल्जिया.”

“मायल्जिया,” भगवानराव म्हणाले. कंपाउंडरनं मान डोलवली, जसं काही त्याला आधीपासून माहीत होतं.

“अन् गोळी? डोक्याची हाय म्हणतात हे.”

“जास्त घेतली तं डोक्याची,” सासूच मध्ये बोलली. म्हणजे मी सांगत होते तेव्हा चुलीपुढे पाठ करून बसलेली ही बाई सगळं ऐकत होती. “थोडी घेतली तं दुखण्याची. डॉक्टरनं देल्ली. झोपच नाही लागत तिले. रोज घ्या लागते.”

“वेचणीचं बी सांगा,” मी म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. भगवानरावांना कळलं. बाहेर दूर गाडीचा आवाज आला, ती जीप होती की दुसरं काही कुणास ठाऊक, पण आवाज आला.

“यंदा वेचणीले नाही येत ती,” ते भराभर म्हणाले. “डॉक्टरची मनाई हाय. ओझं नाही उचला लागत.”

“अन् ढाणकी?” धावजीनं विचारलं. “सकाळी पोचवून देत व्हते ना?”

“कायले? घरची सून हाय.”

धावजी उठला, धोतर झटकलं. “मंग भागलं. चुकीची बोंब झाली म्हणून सांगतो. बीमार हाय बाई, गोळी घेऊन निजली व्हती.” जाता जाता तो चंदाबाईजवळ थांबला. “दवाई नाही म्हणा लागत. गोळी म्हणा लागते.”

त्या ओढाताणीनं अंग पुढे पंधरवडाभर ठणकत होतं. जिथं जिथं धरलं होतं तिथं तिथं निळं पडलं. जीव वाचवणाऱ्यांचे हात फार जड असतात.

दुसऱ्या दिवशी सीतादहीला सासूनं वटी बांधली. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “सारं अंग दुखते वं माय.” अंग कोणाचं दुखत नाही, असं मी म्हटलं नाही. मनात म्हटलं, मोठ्यानं. मग पाणी गरम केलं, कारण शेकल्यानं बरं वाटतं हे मला माहीत होतं. तिनं ते घेतलं.

आता रोज दिवे लागले की सासू भिंतीकडे तोंड करून ओरडते, “गोळी घेतली का वं सुरभी? गोळी!” ते माझ्यासाठी नसतं, चंदाबाईसाठी असतं. घरच्यांना माझ्या दुखण्याची काळजी नाही, पुन्हा बोंब होण्याची आहे. सासरे माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी बोलावं अशी माझी इच्छाही नाही. पण ‘नॉर्मल’ म्हणून हाक मारणं बंद झालं आहे आणि मी गोळी घेऊन झोपते. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. बऱ्या दिवशी हात सगळं काम उरकायला शिवशिवतात, तेव्हा मी त्यांना मांडीखाली दाबून बसते.

निळे डाग पिवळे पडले तेव्हा मी पुन्हा चालायला निघाले. टोपली घेतली नाही. हात मोकळे सोडून रस्त्यात उतरले. हापसीवर चंदाबाई होतीच.

“कुठी चालली वं, रिकामी?”

मी चालत राहिले. मागे ओट्यावर भगवानराव पान खात बसले होते. चंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, हापसीवरच्या सगळ्याच बायकांनी पाहिलं. मग ते खाकरले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, “फिराले चालली. डॉक्टरनं सांगितलं हाय तिले.”

पाय दुखत होते. मी हनुमानाच्या देवळापर्यंत गेले. पुढे जायची फार इच्छा होती, सगळे बघत होते म्हणून तर जास्तच. पण दमायच्या आत मी परत फिरले.